चोवीसातले बारा : प्रस्तावना

होडीच्या इंजिनाचा सेल्फ २४ व्होल्टवर फिरतो आणि केबिनमधला वायरलेस १२ व्होल्ट मागतो. २४ व्होल्ट म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला पट्टीने जोडलेला. वायरमन त्या मधल्या पट्टीच्या बोल्टवर एक तार कसतो, दुसरी तार खालच्या बॅटरीच्या मायनसला लावतो आणि मीटर धरतो. मीटर १२.६ दाखवतो. वायरलेस बोलू लागतो, वायरमन हात पुसतो, नाखवा खूश. खर्च काय, तर चार हात वायर. हे पुस्तक त्या मधल्या तारेच्या विरोधात लिहिले आहे.

ती तार चालते, म्हणूनच तर ती इतकी पसरली. पहिल्या दिवशी चालते, पहिला महिनाही निघून जातो. बिघाड सावकाश होतो. झाला की दोष बॅटरीच्या माथी मारला जातो, नाहीतर डायनामोच्या, आणि काहीच सापडले नाही तर खाऱ्या हवेच्या. तारेवर कोणाचा संशयच जात नाही. दोनपैकी एक बॅटरी ‘बसली’ म्हणून नवी आणतात, तिच्या शेजारी जुनी तशीच ठेवतात, मधली तार पुन्हा त्याच बोल्टवर कसतात. पुढच्या मोसमात तेच रडगाणे.

उल्हासनगरात बसून होड्यांवर पुस्तक का, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. आमच्या शहराला समुद्र नाही हे खरे. पण आमची उल्हास नदी कर्जतकडून बदलापूर, अंबरनाथला वळसे घेत कल्याणला पोचते, तिथे तिची खाडी होते आणि वसईला ती समुद्राला मिळते. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची जहाजे याच खाडीकाठी बांधायला घेतली. अलीकडचा दाखला हवा असेल तर २७ जुलै २०१९ आठवावा. त्या दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करण्यासाठी रुळांशेजारी बोटी आणाव्या लागल्या. बोट, तिच्यावरचा दिवा, वायरलेस आणि मोबाइलचे चार्जिंग हा फक्त किनाऱ्यावरच्या माणसांचा विषय राहिलेला नाही, हे आमच्या भागाने डोळ्यांनी पाहिले.

तरी खरे कारण बाजारात आहे. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभे केलेले हे शहर. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले, पण पत्ता सांगताना आजही माणसे कॅम्प एक ते पाच असेच बोलतात. टाकून दिलेल्यातून चालते करणे आणि सुटा भाग शोधून काढणे हे इथल्या दुकानदारीच्या अंगवळणी पडले आहे. ट्रकवाला म्युझिक सिस्टीमसाठी ‘चोवीस-बाराचा रिड्यूसर’ मागतो, ई-रिक्षावाला ४८ व्होल्टवरून हॉर्न-दिव्यांसाठी १२ चा कन्व्हर्टर मागतो, आणि कोकणातून माल न्यायला आलेला वायरमन होडीसाठी त्यांतलाच एखादा डबा उचलतो. प्रश्न एकच : वरचा दाब मोठा, खालचे यंत्र लहान. फरक इतकाच की ट्रक बंद पडला तर रस्त्याच्या कडेला लागतो. होडीला कड नसते.

होडीवरची वीज गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली. पूर्वी विजेचे काम म्हणजे सेल्फ आणि दोन-चार बल्ब. मग जीपीएस आला, मासळीचा थवा दाखवणारा फिशफाइंडर आला, होडीची ओळख आणि जागा आसपासच्या जहाजांना कळवणारा एआयएस आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी अतिरेकी ‘कुबेर’ नावाच्या मच्छीमारी ट्रॉलरवर कब्जा करून मुंबईकडे आले. त्यानंतर समुद्रातली प्रत्येक होडी कोणाची आणि कुठे आहे, हा सुरक्षेचा प्रश्न झाला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या कार्यक्रमात मच्छीमार नौकांसाठी उपग्रहाशी बोलणाऱ्या ट्रान्सपाँडरची राष्ट्रीय योजना सुरू झाली. १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत टप्प्याटप्प्याने १ लाख संच बसवायचे, असा तिचा आवाका. मिरकरवाडा असो, हर्णे असो की ससून डॉक, तांडेलाच्या डोक्यावरच्या फळीवर आता एकाशेजारी एक डबे आहेत आणि प्रत्येकाला वीज हवी आहे. संकटात मदत मागण्याचे साधन बॅटरीवर चालते, तेव्हा त्या बॅटरीची जोडणी ही किरकोळ बाब राहत नाही.

मग सगळेच १२ वर किंवा सगळेच २४ वर का नाही? डिझेल इंजिन मोठे झाले की सेल्फला फिरवायला जोर लागतो. जोर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. व्होल्ट दुप्पट केले की तेच काम निम्म्या अँपिअरवर होते आणि वायर बारीक चालते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला दर मीटरमागे साधारण ७ मिलिओहम रोध असतो. बॅटरीपासून डोलकाठीवरच्या दिव्यापर्यंत १० मीटर धरले तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.१४ ओहम. १२० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढेल आणि वाटेतच १.४ व्होल्ट खर्ची पडतील, म्हणजे जवळजवळ बारा टक्के. तोच दिवा २४ चा घेतला तर ५ अँपिअर, घट ०.७ व्होल्ट, तीन टक्क्यांच्या आत. म्हणून मोठ्या होडीने २४ घेतले ते शहाणपणाचेच. पण रेडिओ आणि छोटी यंत्रे मोटारगाडीच्या १२ व्होल्टच्या जगात वाढली, त्यांची बाजारपेठ तिथे मोठी, म्हणून ती १२ वर राहिली. हा तिढा कोणाच्या चुकीतून आलेला नाही आणि तो इतक्यात सुटणारही नाही. त्याच्याशी नीट वागायला शिकावे लागते.

आता त्या तारेच्या मुळाशी जाऊ. एकापुढे एक जोडलेल्या बॅटऱ्यांतून सारखाच प्रवाह जातो. सेल्फ मारला की दोघी सारख्या रित्या होतात, डायनामो चालला की दोघी सारख्या भरतात. मधून तार काढली की हा समतोल मोडतो. समजा, जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस आणि चार एलईडी मिळून सरासरी ५ अँपिअर घेतात आणि होडी रात्रभर, १० तास, इंजिन बंद ठेवून जाळ्यावर उभी आहे. खालच्या बॅटरीतून ५० अँपिअर-तास गेले. ती १०० अँपिअर-तासाची असेल तर निम्मी संपली. वरचीतून काहीच गेले नाही. सकाळी इंजिन सुरू झाले आणि डायनामो २८.८ व्होल्ट देऊ लागला. त्याला फक्त बेरीज दिसते, दोघींना १४.४-१४.४ मिळावेत ही अपेक्षा. प्रत्यक्षात भुकेली खालची १३.२ वरच अडते आणि भरलेल्या वरचीवर १५.६ चढतात. वरची उकळते, पाणी सोडते, हायड्रोजन सोडते. खालची पूर्ण भरण्याआधीच चार्जिंग कमी होते. रोज हेच घडले की खालचीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा पांढरा थर धरतो. एकाच जुवाखालच्या दोन बैलांपैकी एकाला दिवसभर नांगराला आणि रात्री मोटेला जुंपावे, आणि वैरण मात्र दोघांना मोजून सारखी घालावी, असा हा हिशेब आहे.

हे पाहायला मोठी यंत्रे लागत नाहीत, एक हायड्रोमीटर पुरे. मधली तार वर्षभर सोसलेल्या जोडीची झाकणे उघडली की चित्र समोर असते. वरच्या बॅटरीत पाणी पट्ट्यांच्या खाली गेलेले, झाकणांच्या आतून ॲसिडचे शिंतोडे, टर्मिनलभोवती निळसर-हिरवा फुलोरा; ग्रॅव्हिटी मात्र १२५० च्या आसपास किंवा वरच. खालचीत पाणी काठोकाठ आणि हायड्रोमीटरचा तरंगता काटा बुडालेला, ११५० च्या आगेमागे. दोन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या असतात. लोक खालचीला ‘मेलेली’ म्हणतात. आजारी दोघीही असतात. एक उपासमारीने, दुसरी अतिभोजनाने.

दाब कमी करण्याचे म्हणून जे उपाय बाजारात मिळतात ते सगळे एका मोलाचे नाहीत. सर्वांत स्वस्त रिड्यूसरच्या ॲल्युमिनिअमच्या डब्यात एक जाडसर ट्रान्झिस्टर हीटसिंकला टेकवलेला असतो. तो उरलेले १२ व्होल्ट उष्णता करून उधळतो. १२ व्होल्टवर ५ अँपिअर म्हणजे ६० वॅट तुमच्या कामाचे आणि तेवढेच ६० वॅट डबा तापवायला. बंद केबिनमध्ये, मे महिन्याच्या दुपारी, हा डबा हात लावू देत नाही. दुसऱ्या जातीचा डबा आतली वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून, कॉइलमध्ये साठवून, हव्या त्या व्होल्टला बाहेर देतो. त्याला स्विचिंग किंवा बक कन्व्हर्टर म्हणतात. ८५ ते ९५ टक्के वीज तो पलीकडे पोचवतो. वरच्याच उदाहरणात ६० वॅटसाठी तो २४ च्या बाजूने साधारण २.८ अँपिअर घेईल. रात्रभरात २८ अँपिअर-तास, तेही दोन्ही बॅटऱ्यांतून सारखे. एकीचे ५० जाण्याऐवजी दोघींचे २८ गेले. या एका तुलनेत पुस्तकाचे अर्धे सार आले.

कन्व्हर्टरचा आणखी एक फायदा समुद्रावर लगेच कळतो. सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट क्षणभर कोसळतात आणि मधल्या तारेवरचा जीपीएस बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून उपग्रह शोधत बसतो. चांगल्या कन्व्हर्टरच्या मागे २४ ची बाजू १८ वर आली तरी पुढे १२ टिकतात.

पण कन्व्हर्टर घेतला म्हणजे सुटलो असेही नाही. त्याच्या स्विचिंगचा खरखराट वायरलेसमध्ये उतरू शकतो, म्हणून तो अँटेनाच्या केबलपासून लांब हवा आणि त्याच्या दोन वायरी एकमेकींत पिळलेल्या हव्यात. वायरलेस नुसता ऐकत असताना अर्धा अँपिअरही घेत नाही, पण २५ वॅटवर बोलताना ५-६ अँपिअर खेचतो. सरासरी पाहून ३ अँपिअरचा डबा आणला तर चॅनल १६ वर मदत मागायची वेळ येईल त्याच क्षणी तो मान टाकेल. आतला स्विच शॉर्ट होऊन मेला तर पुढच्या यंत्रांवर थेट २८ व्होल्ट जाऊ शकतात, म्हणून जादा व्होल्टला अडवणारे संरक्षण असलेलाच घ्यावा. आणि तो बंद करायचा तर २४ च्या बाजूने. यंत्र बंद असले तरी डबा थोडी वीज पीतच राहतो. समजा ५० मिलिअँपिअर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ६१ दिवस होडी किनाऱ्यावर ओढलेली. ५० मिलिअँपिअरने या काळात ७३ अँपिअर-तास जातात. नारळी पौर्णिमेला सेल्फ का फिरत नाही, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

सगळ्यात धोक्याची जोडणी वेगळीच आहे. काही जण खालची बॅटरी दमते म्हणून बाराची तार वरच्या बॅटरीवरून घेतात. त्या यंत्राचा मायनस तेव्हा होडीच्या मायनसपेक्षा १२ व्होल्टने वर असतो. वायरलेसची बॉडी किंवा अँटेनाच्या केबलची जाळी कुठेही इंजिनाच्या बॉडीला टेकली की खालची बॅटरी सरळ शॉर्ट होते, आणि मोठी बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. तिथे फ्यूज नसेल तर वायरच फ्यूज होते. लाकडी किंवा फायबरच्या होडीत, डिझेलच्या टाकीशेजारी, याचा अर्थ काय ते लिहायची गरज नाही. घरातला २३० व्होल्टचा एमसीबी इथे लावून निर्धास्त राहणारेही आहेत. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही, ठिणगी लांबत जाते. म्हणून डीसीसाठी बनवलेलाच फ्यूज किंवा ब्रेकर, आणि तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला.

आणखी तीन वाटा या पुस्तकात तपशिलाने आल्या आहेत. पहिली बॅलन्सरची : मधली तार ठेवायचीच असेल तर भरलेल्या बॅटरीतून रिकाम्या बॅटरीत वीज सरकवणारे यंत्र दोघींच्या मध्ये बसवायचे. दुसरी स्वतंत्र बॅटरीची : वायरलेस आणि ट्रान्सपाँडरसाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी ठेवायची आणि तिला २४ वरून चार्जर-कन्व्हर्टरने भरायचे. खर्च जास्त, पण सेल्फ मारून मारून मोठी जोडी संपली तरी मदत मागणारा आवाज शिल्लक राहतो. खोल समुद्रात जाणाऱ्याला माझी शिफारस हीच. तिसरी इन्व्हर्टरची : २४ चे २३० करायचे आणि त्यात मोबाइलचा किंवा यंत्राचा ॲडॉप्टर खुपसायचा. यात वीज दोनदा बदलते आणि दोनदा वाया जाते, शिवाय ओल्या फळ्यांवर २३० व्होल्ट खेळतात. नुसत्या मोबाइलसाठी तर याची काहीच गरज नाही. १२ आणि २४ दोन्ही चालणारे यूएसबी चार्जर कुठल्याही बाजारात मिळतात.

आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट : यंत्राच्या मागची पाटी वाचा. आजच्या पुष्कळ जीपीएस आणि फिशफाइंडरवर १० ते ३५ व्होल्ट असे लिहिलेले असते. अशा यंत्राला फ्यूज लावून सरळ २४ वर जोडता येते. मध्ये काहीच लागत नाही. पाटी न वाचता रिड्यूसर विकत घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

हा धडा होडीपुरता नाही. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झालेली आयएनएस कलवरी पाण्याखाली चालते ती ३६० बॅटऱ्यांवर, प्रत्येकीचे वजन ७५० किलो. केरळात वैकमच्या जलमार्गावर २०१७ पासून ‘आदित्य’ ही सौरऊर्जेवरची फेरी ७५ प्रवासी नेते. आमच्या रस्त्यावरची ई-रिक्षा चार बॅटऱ्यांवर पळते. माळ दोनाची असो की तीनशे साठांची, एकीवर जादा भार टाकला की सगळी माळ तिच्या मापाने चालते. विजेवरच्या बोटी वाढतील तसा वरचा दाब ४८, ७२ आणि त्याहून पुढे जाईल, आणि १२ व्होल्टच्या यंत्रांसाठी मधूनच कुठूनतरी तार काढण्याचा मोहही वाढेल. तेव्हा त्या तारेची किंमत आजच्यापेक्षा जबर असेल.

पुस्तक कोणासाठी? होडीवर काम करणारा वायरमन, आयटीआयमधून नुकता बाहेर पडलेला मुलगा, आणि ज्याच्या खिशातून पैसे जातात तो नाखवा, या तिघांसाठी. म्हणून सूत्रे कमी आणि हिशेब जास्त ठेवले आहेत. जिथे बाजारात इंग्रजी शब्द रुळला आहे तिथे तोच वापरला. दुकानात ‘रोधक’ मागून काही मिळत नाही. कंपन्यांची नावे मुद्दाम टाळली आहेत, कारण मॉडेल दर वर्षी बदलते. डब्यावर काय छापलेले असावे आणि मीटरने काय तपासावे, ते सांगितले आहे. छापलेल्या अँपिअरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. डब्याला खराखुरा लोड लावून अर्धा तास चालवा, व्होल्ट आणि उष्णता पाहा, मगच पैसे द्या, हा आमच्या बाजाराचा जुना नियम परिशिष्टात सविस्तर दिला आहे.

ज्या मेकॅनिकांनी स्वतःच्या जुन्या बॅटऱ्या फोडून पट्ट्या दाखवल्या, ज्या तांडेलांनी पावसाळ्याच्या सुट्टीत होड्यांची वायरिंग उघडू दिली आणि ज्या दुकानदारांनी गिऱ्हाईक नसताना काउंटरवर डबे उघडू दिले, त्या सगळ्यांचे हे पुस्तक देणे लागते.

शेवटी वाचण्याविषयी. होडी नवी बांधत असाल तर पहिल्या प्रकरणापासून सुरू करा. होडी चालू असेल तर आधी एक काम करा : इंजिन आणि सगळी यंत्रे रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर बाकीचे नंतर वाचा. दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून एकेकटी पूर्ण भरा, आणि मग थेट तिसरे प्रकरण उघडा.

उल्हासनगर
— लेखक